‘कनेक्टेड’ दिसलं म्हणजे झालं असं नाही: घरच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन जोडताना

ऑफिसच्या हिशेबाच्या सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, एंटर दाबलं, आणि समोर उघडलं ते माझ्याच घरातल्या प्रिंटरचं पान. काळी शाई २० टक्के शिल्लक. खाली कोपऱ्यात, मला घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारं व्हीपीएन ‘कनेक्टेड’ म्हणून दिमाखात बसलेलं. मी तीनदा तोडलं, तीनदा जोडलं, पासवर्ड पुन्हा टाकला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. प्रिंटर काही हटेना.

व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे ऑफिसपर्यंतचा बंद मार्ग, व्यवस्थित होता, घोटाळा पत्त्यांचा होता. माझ्या घरातल्या राउटरने सगळ्यांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटलेले आणि ऑफिसच्या नेटवर्कमध्येही नेमके तेच. कॉम्प्युटरने १९२.१६८.१.२० पाहिलं आणि ठरवलं, हा तर शेजारच्या खोलीतला, त्यासाठी बोगद्यात कशाला शिरायचं? त्याच्या परीने त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी घरच्या राउटरची पत्त्यांची मालिका बदलली आणि पाच मिनिटांत काम झालं. आदली संध्याकाळ वाया गेली ती गेलीच.

तेव्हापासून कोणाच्याही कॉम्प्युटरवर व्हीपीएन लावताना मी ‘कनेक्टेड’ या शब्दाला फारशी किंमत देत नाही. बोगदा उभा राहिला एवढंच तो सांगतो. त्यातून काय जातंय, काय जात नाहीये आणि पलीकडे कोण बसलंय, हे आपणच पाहायचं असतं. खालचा सगळा खटाटोप त्यासाठी.

आधी ठरवा, दुसरं टोक कुठे उघडणार

व्हीपीएन म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरपासून दुसऱ्या एखाद्या यंत्रापर्यंतचा एन्क्रिप्ट केलेला मार्ग. तुमचं इंटरनेट पुरवणाऱ्याला एवढंच दिसतं की अमुक पत्त्याकडे गुंडाळलेली पाकिटं चाललीत. आत काय आहे ते दिसत नाही. पण दुसऱ्या टोकाला ती पाकिटं उघडली जातात आणि तिथून पुढे साध्या इंटरनेटवर किंवा एखाद्या खासगी नेटवर्कमध्ये जातात. म्हणून पहिला प्रश्न कुठलं ॲप घेऊ हा नसतो. दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, हा असतो.

ते टोक ऑफिसात असेल तर तुम्हाला फक्त जोडणी करायची आहे. सर्व्हर त्यांचा, नियम त्यांचे. टोक तुमच्या स्वतःच्या घरात असेल, म्हणजे बाहेरगावाहून घरातल्या फाइली, कॅमेरा किंवा कॉम्प्युटर गाठायचा असेल, तर दोन्ही बाजू तुम्हालाच बांधायच्या आहेत. आणि टोक एखाद्या भाड्याच्या व्हीपीएन कंपनीकडे असेल, तर जो विश्वास आजवर इंटरनेटवाल्यावर टाकत होतात तो उचलून त्या कंपनीवर ठेवताय. कमीजास्त काही झालं नाही, जागा बदलली. कंपनी फुकट सेवा देत असेल तर तिचा खर्च कुठून भागतो, हा प्रश्न स्वतःला विचारून घ्या.

भाड्याच्या व्हीपीएनने माणूस अदृश्य होतो हाही एक लाडका गैरसमज आहे. आयपी पत्ता बदलतो, पण ब्राउझरमधल्या कुकीज तशाच राहतात आणि तुम्ही ज्या खात्यात लॉगिन केलंय त्याला तुम्ही कोण ते पक्कं ठाऊक असतं. व्हायरस असलेली फाइल बोगद्यातून आली तरी व्हायरसच राहते.

कोणता प्रोटोकॉल

प्रोटोकॉल म्हणजे बोगदा बांधायची ठरलेली पद्धत. ऑफिसची जोडणी असेल तर ही निवड तुमच्या हातात नसते, पण समोर काय आलंय ते कळायला हवं.

पीपीटीपी दिसला तर सरळ नकार द्या. हा १९९०च्या दशकातला प्रोटोकॉल आहे. २०१२ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं की त्यातली पासवर्ड तपासण्याची पद्धत फोडणं म्हणजे शेवटी डेस या जुन्या एन्क्रिप्शनची ५६ बिटांची एकच चावी शोधणं, आणि ते काम एका दिवसात होतं. ॲपलने २०१६ मध्ये मॅकमधून तो काढूनच टाकला. विंडोजच्या यादीत तो अजून दिसतो, म्हणून तो वापरावा असं नाही.

एलटूटीपी स्वतः काहीच एन्क्रिप्ट करत नाही, ते काम त्याच्याबरोबरचा आयपीसेक करतो. चालतो, पण जुना आणि नखरेल. त्यात बहुधा एक ‘प्री-शेअर्ड की’ असते, सगळ्यांना मिळून एकच. सोसायटीच्या फाटकाच्या कुलुपाचा नंबर जसा सगळ्या रहिवाशांना ठाऊक असतो, तसं. आयकेईव्ही२ त्याच्यापेक्षा पुष्कळ बरा: वायफायवरून मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात तरी जोडणी सावरून घेतो. पोर्ट म्हणजे यंत्राचं नंबर असलेलं दार, आणि टीसीपी, यूडीपी या पाकिटं पाठवायच्या दोन पद्धती. एसएसटीपी ४४३ नंबरच्या टीसीपी पोर्टवरून, म्हणजे नेहमीच्या सुरक्षित वेबसाइटच्याच वाटेने जातो, त्यामुळे बाकी सगळं अडवलेल्या नेटवर्कमधूनही बरेचदा निसटतो.

ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे, दणकट आहे, त्याचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ११९४. वायरगार्ड त्या मानाने नवा. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ५.६ मध्ये सामील झालेला. त्याच्या लिनक्समधल्या मूळ रूपाचा कोड जेमतेम ४,००० ओळींचा होता, म्हणजे एखादा जाणकार बसून वाचू शकेल एवढा. स्वतःचं टोक स्वतः बांधायचं असेल तर मी डोळे मिटून वायरगार्ड सांगतो.

जोडण्यापूर्वीची दहा मिनिटं

एका कागदावर किंवा नोटपॅडमध्ये सर्व्हरचा पत्ता, प्रोटोकॉल, युजरनेम, आणि लागणार असेल तर प्री-शेअर्ड की किंवा सर्टिफिकेटची (डिजिटल ओळखपत्राची) फाइल एवढं जमवा. ऑफिसने मोबाइलवर येणारा कोड लावला असेल तर तो सुरू करून ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नका, हे सांगायला नकोच.

मग घरच्या नेटवर्कचे पत्ते बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’ दिसतो, तो तुमचा राउटर. तिथे १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता असेल तर माझ्यासारखी टक्कर होण्याची शक्यता भरपूर, कारण जगातले निम्मेअधिक राउटर हेच आकडे घेऊन कारखान्यातून बाहेर पडत असावेत असं मला वाटतं. राउटरच्या पानावर लॅन किंवा डीएचसीपीच्या भागात जाऊन तो १९२.१६८.४७.१ असा काहीतरी आडवळणाचा करून टाका. शेवटून दुसरा आकडा तुमच्या आवडीचा, फक्त ० आणि १ सोडून. सेव्ह केल्यावर राउटर तुम्हाला बाहेर फेकेल, घाबरू नका, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा. घरातल्या ज्या वस्तूंना ठरावीक पत्ता हाताने दिलाय, त्यांना तो नव्याने द्यावा लागेल. बाकीचं सगळं बंद करून चालू केलं की पुरतं.

तिसरी गोष्ट घड्याळ. तारीख-वेळ चुकलेली असली की सर्टिफिकेट ‘मुदतबाह्य’ ठरतं. वायरगार्डमध्ये तर गंमत अशी की तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलं तर सर्व्हर तुमची हाक जुनी पुन्हा वाजवलेली समजून गपचूप टाकून देतो. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की हे हटकून होतं.

आणि शेवटी, आत्ताचा तुमचा बाहेरचा आयपी पत्ता कोणत्याही ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या पानावर बघून लिहून ठेवा. नंतर तुलनेला लागेल.

विंडोजमध्ये, वेगळं ॲप न घेता

आयकेईव्ही२, एसएसटीपी आणि एलटूटीपीसाठी काहीही डाउनलोड करायची गरज नाही. सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, ‘व्हीपीएन’ निवडा आणि ‘ॲड व्हीपीएन’ दाबा. एक फॉर्म येतो.

‘व्हीपीएन प्रोव्हायडर’मध्ये बहुधा एकच पर्याय असतो, ‘विंडोज बिल्ट-इन’, तो निवडा. ‘कनेक्शन नेम’ तुमच्या सोयीचं, कुठल्याही सर्व्हरला त्याच्याशी देणंघेणं नाही. ‘सर्व्हर नेम ऑर ॲड्रेस’मध्ये मिळालेला पत्ता जसाच्या तसा टाका. इथे दोन चुका सर्रास होतात: आधी वेबसाइटसारखा ‘एचटीटीपीएस’ लावणं, आणि ईमेलमधून कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून येणं. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कर्सर शेवटी नेऊन एकदा बॅकस्पेस दाबून बघा. आणखी एक, आयकेईव्ही२ला नाव दिलं असेल तर नावच टाका. त्याऐवजी आयपी आकडा टाकलात तर सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही आणि जोडणी नाकारली जाते.

‘व्हीपीएन टाइप’ला ‘ऑटोमॅटिक’ ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. मग विंडोज एकामागून एक प्रकार चाचपत बसतं, वेळ जातो, आणि शेवटी येणारी चूक नक्की कुठल्या प्रकाराची तेच कळत नाही. जो प्रकार सांगितलाय तोच निवडा. एलटूटीपी प्री-शेअर्ड कीसह निवडलात तर कीसाठी वेगळा रकाना उघडतो. ती की आणि तुमचा पासवर्ड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकाच्या जागी दुसरं टाकून तासभर डोकं आपटणारी माणसं मी पाहिलीत.

‘टाइप ऑफ साइन-इन इन्फो’मध्ये बहुतेक वेळा युजरनेम आणि पासवर्ड. घरात कॉम्प्युटर सगळेच वापरत असतील तर ‘रिमेंबर माय साइन-इन इन्फो’ची खूण काढा. सेव्ह करा, यादीत जोडणीचं नाव येईल, त्यासमोर ‘कनेक्ट’.

आता एक जागा अशी आहे जी या फॉर्ममध्ये नाही, पण सगळा फरक तिथेच पडतो. विंडोजची ही जोडणी मुळात तुमची सगळीच रहदारी बोगद्यातून नेते. म्हणजे ऑफिसच्या फाइलींबरोबर मुलांचा व्हिडिओसुद्धा ऑफिसच्या लाइनवरून फिरून येतो. ते नको असेल तर रन खिडकीत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (ncpa.cpl) लिहून जुनी नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडा, व्हीपीएनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘नेटवर्किंग’ टॅब, ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’, पुन्हा ‘प्रॉपर्टीज’, ‘ॲडव्हान्स्ड’. तिथे ‘यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क’ या ओळीसमोरची खूण काढली की ऑफिसचं ऑफिसला, घरचं घरच्या लाइनने. याला स्प्लिट टनेलिंग म्हणतात.

पण दोन इशारे. ऑफिसने सगळी रहदारी मुद्दाम आपल्याकडून नेली असेल तर ती खूण काढण्याआधी त्यांना विचारा, तो त्यांच्या सुरक्षेचा भाग असू शकतो. आणि खूण काढल्यावर विंडोज जुन्या वर्गवारीनुसार रस्ता आखतं: तुम्हाला १० ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर १० ने सुरू होणारं सगळं बोगद्यात, बाकी नाही. ऑफिसचा एखादा सर्व्हर १७२.१६ मालिकेत बसला असेल तर तो अचानक दिसेनासा होतो. तेव्हा रस्ता हाताने घालावा लागतो किंवा खूण परत लावावी लागते.

वायरगार्डने

इथे युजरनेम-पासवर्ड नाहीत. प्रत्येक यंत्राकडे चाव्यांची एक जोडी: खासगी चावी स्वतःजवळ, सार्वजनिक चावी समोरच्याला. प्रत्येक चावी ४४ अक्षरांची, शेवटी बरोबरचं चिन्ह. ते चिन्ह कॉपी करताना हमखास सुटतं.

वायरगार्डचं ॲप त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींतून कुठलंही व्हीपीएन ॲप घेऊ नका, अख्खा कॉम्प्युटर त्याच्या हवाली करायचा असतो. ॲप उघडलं की ‘ॲड टनेल’ बटण. तुम्हाला तयार फाइल मिळाली असेल तर ती तिथून आयात करा. फाइलच्या नावात मोकळी जागा नको आणि नाव फार लांबही नको, नाहीतर ॲप ती घेत नाही. तयार फाइल नसेल तर त्याच बटणाच्या बाजूच्या बाणातून ‘ॲड एम्प्टी टनेल’ निवडा, चाव्या तिथल्या तिथे तयार होतात. मला हाच मार्ग जास्त आवडतो, कारण खासगी चावी कॉम्प्युटरबाहेर पडतच नाही. ईमेलने आलेल्या तयार फाइलीत ती चावी असते, आणि ती दोघांच्या मेलबॉक्समध्ये पडून राहते.

फाइल वाचायला घाबरू नका, दहाएक ओळींची असते. वरचा ‘इंटरफेस’ भाग तुमचा: खासगी चावी, बोगद्यातला तुमचा पत्ता, समजा १०.८.०.२/३२ (/३२ म्हणजे हा एकच पत्ता), आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर. खालचा ‘पीअर’ भाग समोरच्याचा: त्याची सार्वजनिक चावी, ‘एंडपॉइंट’ म्हणजे बाहेरच्या जगातला त्याचा पत्ता आणि पोर्ट, बहुधा ५१८२०. आणि मग ती ओळ जिच्यावर सगळं अवलंबून आहे, ‘अलाउड आयपीज’.

नावावरून वाटतं की ही परवानग्यांची यादी आहे. अर्धवट खरं. ती एकाच वेळी दोन कामं करते: या पत्त्यांकडे निघालेलं सगळं बोगद्यात टाक, आणि बोगद्यातून येणारं पाकीट याच पत्त्यांवरून आलेलं असेल तर स्वीकार. तिथे ०.०.०.०/० लिहिलं की आयपीव्ही४ची, म्हणजे नेहमीच्या चार आकडी पत्त्यांची, सगळी रहदारी आत. आयपीव्ही६साठी, म्हणजे नव्या, लांबलचक पत्त्यांसाठी, दोन अपूर्णविराम आणि /० ही वेगळी नोंद लागते. ती राहिली तर आयपीव्ही६ची रहदारी बोगद्याला वळसा घालून उघड्यावर निघून जाते आणि वर ‘ॲक्टिव्ह’ हिरवंच राहतं. फक्त घरातली किंवा ऑफिसातली यंत्रं गाठायची असतील तर तेवढी मालिका लिहा, उदाहरणार्थ १९२.१६८.४७.०/२४ (म्हणजे १९२.१६८.४७ ने सुरू होणारे सगळे), आणि बोगद्यातलीही मालिका. बाकी काही नको.

सगळं बोगद्यात टाकलं असेल तर विंडोजच्या ॲपमध्ये संपादनाच्या खिडकीत तळाशी किल-स्विचचा चौकोन दिसतो: बोगद्याबाहेरचं सगळं अडवा. सार्वजनिक वायफायवर उपयोगी. घरी मात्र तो लावला की नेटवर्कवरचा प्रिंटर गायब होतो. प्रिंटर या लेखात पुन्हा आला, पण प्रत्यक्षातही तक्रार नेहमी त्याचीच येते.

शेवटची ओळ ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’. घरचा राउटर बराच वेळ शांत असलेली वाट विसरून जातो. तुमच्याकडून काही निघालं की ती वाट पुन्हा उघडते, पण समोरून तुमच्यापर्यंत कोणाला पोचायचं असेल तर तिथे २५ लिहा, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक बारीकशी हाक जात राहते.

तुमची सार्वजनिक चावी सर्व्हरवाल्याकडे पोचवा, त्याने ती नोंदवली की ‘ॲक्टिव्हेट’ दाबा. ॲपची खिडकी बंद केली तरी बोगदा चालूच राहतो, तो सर्व्हिस म्हणून मागे धावतो. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तरी परत येतो. बंद करायचा असेल तर ‘डिअॅक्टिव्हेट’च करावा लागतो.

मॅकवर यातलं बहुतेक तसंच. सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हीपीएन किंवा नेटवर्कच्या भागात ‘ॲड व्हीपीएन कॉन्फिगरेशन’ मिळतं, त्यात आयकेईव्ही२ आणि एलटूटीपी आहेत, एसएसटीपी नाही. एलटूटीपीमध्ये मॅक विंडोजच्या उलट वागतो: सगळी रहदारी आत घालायची असेल तर ‘सेंड ऑल ट्रॅफिक’ची खूण तुम्हीच लावायची. लिनक्सच्या डेस्कटॉपवर नेटवर्कच्या सेटिंग्जमधून ओपनव्हीपीएनची फाइल आयात होते, आणि वायरगार्डसाठी ‘डब्ल्यूजी-क्विक’ ही छोटी कमांड पुरते.

जोडलं, आता तपासा

पहिलं, बाहेरचा आयपी पुन्हा बघा. सगळं बोगद्यातून न्यायचं ठरवलं असेल तर तो बदललेला हवा. स्प्लिट ठेवलं असेल तर तोच राहायला हवा. उलटं दिसलं तर वरच्या सेटिंगमध्ये गडबड आहे.

दुसरं, वायरगार्ड असेल तर ‘लेटेस्ट हँडशेक’, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांची ओळख शेवटची कधी पटवली, ही ओळ शोधा. वायरगार्डमध्ये चावी चुकली तर सर्व्हर ‘चुकली’ असं सांगतही नाही, दार वाजवणाऱ्याला उत्तरच देत नाही. तुमच्याकडे मात्र ‘ॲक्टिव्ह’ झळकत राहतं. हँडशेकची ओळ दिसतच नसेल, किंवा खाली पाठवलेले बाइट वाढताहेत आणि आलेले शून्यावर अडलेत, तर बोगदा नावालाच आहे. रहदारी चालू असताना साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक होतो, तीन मिनिटांपेक्षा जुना दिसला की काहीतरी तुटलंय.

तिसरं, पलीकडच्या एखाद्या यंत्राला त्याच्या आयपी आकड्याने पिंग करा, म्हणजे एक छोटी हाक मारून उत्तर येतं का बघा, मग त्याच्या नावाने. आकड्याने पोचतं आणि नावाने नाही, तर बोगदा ठीक, डीएनएस चुकलंय. दोन्हीने नाही, पण फाइली उघडतात, तर ते यंत्र पिंगला उत्तर देत नाही एवढंच. विंडोजचा फायरवॉल असं सर्रास करतो.

चौथं, डीएनएसची गळती. सगळं बोगद्यातून जात असताना नावं विचारायला कॉम्प्युटर अजून घरच्या इंटरनेटवाल्याच्याच सर्व्हरकडे जात असेल, तर तुम्ही कुठल्या साइट उघडता त्याची यादी त्याच्याकडे जमतच राहते. डीएनएस गळती तपासणारी पानं आहेत, त्यांवर तुमच्या इंटरनेटवाल्याचं नाव दिसायला नको.

पाचवी तपासणी लोक करत नाहीत: वायफाय अर्धा मिनिट बंद करा, परत चालू करा, आणि वरचं सगळं पुन्हा बघा. लॅपटॉप झोपून उठतो तेव्हा हेच होत असतं.

अडलं तर

विंडोज प्रत्येक चुकीला एक नंबर देतं आणि तो खरंच कामाचा असतो. ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड. युजरनेमच्या आधी डोमेनचं नाव लागतं का ते विचारा. ८६८ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही, टायपिंग तपासा. ७८९ एलटूटीपीत येतो, आणि दहातल्या आठ वेळा मला प्री-शेअर्ड की चुकलेली सापडली. ८०९ म्हणजे हाक सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही: यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट वाटेत कोणीतरी अडवलेत, किंवा एलटूटीपीचा सर्व्हर दुसऱ्या राउटरच्या मागे आहे आणि विंडोजला ते मान्य नाही. १३८०१ म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही, नाव, तारीख किंवा ते देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट बघा.

दोष नक्की कोणाच्या बाजूला हे कळायला सगळ्यात स्वस्त युक्ती: मोबाइलचा हॉटस्पॉट लावून त्यावरून जोडून बघा. तिथे चाललं तर घरचा राउटर किंवा घरची लाइन दोषी. तिथेही नाही, तर तुमची माहिती किंवा त्यांचा सर्व्हर.

एक विकार ओळखायला फार अवघड. पिंग जातं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल किंवा एखादी ठरावीक साइट अर्ध्यावर लटकते. हे बहुधा एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचं दुखणं. साध्या लाइनवर पाकीट १५०० बाइटांपर्यंत चालतं, बोगद्याचं वेष्टन त्यात भर घालतं, म्हणून वायरगार्ड स्वतःहून १४२० धरतो. वाटेत एखादी लाइन त्याहून अरुंद असली की मोठी पाकिटं गुपचूप पडतात. इंटरफेसच्या भागात एमटीयू १२८० अशी ओळ घाला. सुटलं तर निदान बरोबर, मग हवं तर हळूहळू वाढवत न्या.

आणि एकच वायरगार्ड फाइल दोन कॉम्प्युटरवर टाकू नका. सर्व्हर शेवटी जिथून हाक आली तिथे उत्तरं पाठवतो, मग दोघेही मिनिटाआड तुटत राहतात आणि दोघांनाही वाटतं आपलं इंटरनेट खराब आहे.

दुसरं टोक आपल्याच घरात असेल तर

बऱ्याच नव्या राउटरमध्ये वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनचा सर्व्हर आधीच असतो. तो चालू केला की राउटरच क्लायंटची फाइल काढून देतो. राउटरमध्ये नसेल तर घरातल्या सतत चालू असणाऱ्या एखाद्या यंत्रावर सर्व्हर बसवून राउटरमध्ये यूडीपी ५१८२० त्याच्याकडे वळवावा लागतो.

पण या सगळ्याआधी एक गोष्ट बघा, नाहीतर मेहनत फुकट. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता दिसतो. तो आणि बाहेरच्या पानावर दिसणारा आयपी एकच आहे का? वेगळा असेल, विशेषतः राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर बहुधा इंटरनेटवाल्याने तुम्हाला इतर गिऱ्हाइकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. तिथे बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत आयपीव्ही४ने कोणी पोचूच शकत नाही, पोर्ट कितीही वळवा. मग इंटरनेटवाल्याकडे सार्वजनिक पत्ता मागा किंवा आयपीव्ही६ने जमतं का ते बघा. पत्ता सार्वजनिक पण बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे पत्ता बदलला तरी तुमच्याकडेच वळणारं नाव घेऊन तेच एंडपॉइंटमध्ये लिहा.

चाचणी घरातल्या वायफायवरून करू नका. आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाणं अनेक राउटरना जमत नाही, आणि तुम्ही चालू असलेला सर्व्हर बिघडलाय समजून उलगडत बसाल. पुन्हा तोच मोबाइलचा हॉटस्पॉट.

व्हीपीएन चालायला लागलं की पूर्वी कधी रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडला असेल तर तो आजच बंद करा. आता त्या कॉम्प्युटरवर बोगद्यातूनच जायचं.

प्रत्येक यंत्राला वेगळी चावी दिली असेल तर लॅपटॉप हरवल्यावर सर्व्हरच्या यादीतून तेवढा एक पीअर काढून टाकता येतो, बाकीच्यांना धक्का लागत नाही. म्हणून सर्व्हरवर प्रत्येक सार्वजनिक चावीच्या वर ‘#’ टाकून ती कोणाच्या यंत्राची ते लिहून ठेवा. ४४ अक्षरं बघून सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.